पेटीतून आलेला प्रोसेसर

राजिवडा, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२४

उमेरभाई, सलाम.

ईमेल बघून दचकू नकोस, घरात सगळे बरे आहेत. व्हॉट्सॲपवर मुद्दामच लिहिलं नाही. तुझं काहीही आलं की अम्मी फोनचा आवाज मोठा करते. मग आपल्या थोरल्या गनीभाईपासून समोरच्या गोदाकाकूपर्यंत सगळ्यांना कळतं की दोह्यात तुझं पोट बिघडलंय. मला जे विचारायचंय ते एवढ्या लोकांत विचारायचं नाही.

खाडीकाठी फायबरच्या बोटी बांधणाऱ्या काशीरामशेठना तू ओळखतोस. त्यांना बोटीचा नवा तळ हवाय, कमी डिझेल खाणारा. पॉलिटेक्निक झाल्यापासून मी त्यांची किरकोळ ड्रॉइंगं करत होते, केबिनची, जाळ्याच्या रुळाची. आता त्यांनी अख्खा तळच मला दिलाय. म्हणाले, पावसाआधी दाखव, म्हणजे पावसात साचा करतो, आणि जमलं तर पुढच्या सगळ्या बोटी तुझ्याकडं. सगळ्या बोटी, भाई. मला पहिल्यांदाच कुणीतरी पुढच्या वर्षाचं बोललंय.

काम दोन तऱ्हेचं आहे. आधी तळ काढायचा, रेघ न् रेघ हलवत. मग त्याच्याभोवतून पाणी कसं जाईल याचा हिशेब मशीनला लावायचा, तो दिवस दिवस चालतो. माझा लॅपटॉप पहिल्यात कण्हतो आणि दुसऱ्यात मरतो. साठवलेले पैसे आहेत. तू तिकडं रात्रंदिवस सर्व्हरच सांभाळतोस, म्हणून तुला विचारते: प्रोसेसर डेस्कटॉपचा घेऊ की सर्व्हरचा? आणि तिकडं स्वस्त मिळत असेल तर तूच घेऊन पाठवशील का?

महरीन


दोहा
१५ नोव्हेंबर

बाय महरीन,

पॉलिटेक्निकची बाई मला सल्ला विचारते म्हणजे माझे दिवस फिरले म्हणायचे. ऐक तर.

डेस्कटॉपचा प्रोसेसर म्हणजे चार तगडे गडी होडीत बसून वल्हवतायत. होडी सुळकन जाते. सर्व्हरचा म्हणजे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एकटा गडी तेवढा तगडा नसतो, पण अख्खा गाव दोराला लागतो आणि किनाऱ्यावर काय ओढून आणेल त्याचा नेम नाही. तुझा पाण्याचा हिशेब म्हणजे रापणीचंच काम. शिवाय सर्व्हर थकत नाही. आमच्याकडचे काही वर्षानुवर्षं बंद झालेले नाहीत. आणि मेमरीत एखादा आकडा वाकडा झाला तर तो पकडून सरळ करतो. साधा डेस्कटॉप गप्प बसतो आणि चुकीचं उत्तर ऐटीत देतो. बोटीत माणसं बसणार आहेत, हे विसरू नकोस.

म्हणून माझं मत सर्व्हर. इथं मोठ्या कंपन्या जुने काढून टाकतात, चांगला मिळेल.

एक मात्र आहे. सर्व्हरला थंडावा लागतो आणि त्याचा पंखा ओरडतो. माडीवर ठेवलास तर अम्मीला झोप लागायची नाही. गनीभाईच्या दुकानात एसी आहे, इन्व्हर्टर आहे. बघ विचार करून. त्याचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं कसं चाललंय? जेटीवरचं काम मिळालं का त्याला?

उमेर


राजिवडा
२४ नोव्हेंबर

उमेरभाई,

रापणीचं उदाहरण छान दिलंस. रापण ओढून झाल्यावर मासळीचे वाटे पडतात, तेवढं लिहायचं राहिलं तुझं.

मी वाचलंय, विचारलंय. पाण्याचा हिशेब सर्व्हरवर लवकर होईल, खरं आहे. पण तो मशीन लावून झोपलं तरी होतो. माझा खरा वेळ जातो तळ काढण्यात. मी रेघ ओढली की ती तिथल्या तिथं हलली पाहिजे. ते काम एकाच गड्याचं असतं, बाकीचे पन्नास नुसते उभे राहतात. तिथं डेस्कटॉप सर्व्हरच्या पुढं आहे, जुन्या सर्व्हरच्या तर कितीतरी. आकडा पकडणारी मेमरी काही डेस्कटॉपनाही चालते. हिशेबाला एक दिवस जास्त लागला तर लागू दे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. डेस्कटॉपवर एक माणूस बसतो. सर्व्हरवर सगळं घर बसतं. मी या घरात वाढले आहे, भाई. माझी सायकल गनीभाईची झाली, माझी माडी पाहुण्यांची झाली. दुकानात मी मशीन ठेवणार नाही. तिथं दिवसभर खलाशी येऊन बसतात, मी तिथं बसले की दहा मिनिटांत वहिनी बोलवायला येते.

डेस्कटॉप घे. पैसे आजच पाठवलेत. आणि दुकानाचं का विचारलंस? गनीभाईला जेटीवरचे कॅमेरे मिळाले, दिवाळीपासून हवेत चालतोय.

महरीन


दोहा
५ जानेवारी २०२५

महरीन,

रागावू नकोस. तू सांगितलेला डेस्कटॉप प्रोसेसर इथं मिळाला नाही, दुकानं पालथी घातली. तेवढ्यात एक सर्व्हर हाती लागला, प्रोसेसर, मदरबोर्ड, भरपूर मेमरी, डबा, सगळं एकत्र. तुझ्याच पैशांत. एवढं मशीन रत्नागिरीत कुणाकडं नसेल. रेघ थोडी सावकाश हलेल, पण सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते, मला विचार.

कार्गोनं पेटी टाकली आहे. त्यात अम्मीची दुधाची पावडर, वहिनीला अत्तर, पोरांना चॉकलेटं, गनीभाईला टॉर्च आणि खाली तुझं मशीन. ब्लँकेटात गुंडाळलंय. सांभाळून काढा.

उमेर


राजिवडा
९ फेब्रुवारी

उमेरभाई,

पेटी पोचली. बुधवारी उघडली.

तू घरापासून इतकी वर्षं लांब आहेस, म्हणून सांगते पेटी कशी उघडतात. असरच्या नमाजानंतर, उन्हं उतरली की. ओटीवर. अम्मी मधोमध बसते आणि कुणी हात लावायचा नसतो. शेजारीपाजारी येतात. अम्मी एकेक वस्तू काढते, माझ्या उमेरनं धाडलान म्हणते, आणि ज्याची त्याला देते. पेटीतून निघालं ते तुझं, आणि तू दिलंस ते घराचं. यात पैसे कुणाचे हा प्रश्न बसतच नाही. मी एवढी शहाणी, मला हे आधी सुचलं नाही. मी माझ्या पैशांची वस्तू माझ्याच हातानं त्या पेटीत घालायला लावली.

ब्लँकेट उलगडलं तसे सगळे पुढं वाकले. गोदाकाकू म्हणाल्या, केवढा हा. अम्मीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. म्हणाली, "बघा, भावंडांसाठी काय काय करतो माझा झील." तेव्हा मी काय बोलणार होते? एवढ्या लोकांत आईला सांगू की हे माझ्या पैशांचं आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरात एकदा लावून बघितलं. भोंग्यासारखा वाजतो. अम्मीनं कानावर हात ठेवले आणि गनीभाई दोन गडी घेऊन आला. आता ते दुकानात आहे, एसीखाली, आणि त्यात जेटीचे कॅमेरे रेकॉर्ड होतात. मी दुपारी जोहरच्या नमाजानंतर जाते. खुर्चीवर कुणीतरी असतंच. वहिनीला दहा मिनिटं लागतील असं मी म्हटलं होतं, ती सातव्यालाच येते.

रेघ सावकाश हलते. मी ओढते, मग वाट बघते.

तुला डेस्कटॉप खरंच मिळाला नाही का?

महरीन


दोहा
१२ फेब्रुवारी

महरीन,

गनीभाईशी बोललो. काल इथूनच मशीनमध्ये शिरून वाटणी केली. कॅमेऱ्यांना हवं तेवढं आधी मिळेल, कारण ते बंद पडून चालत नाही, उरलेलं सगळं तुझं. उरलेलं पुष्कळ आहे. लॅपटॉपवरूनही तुला मशीनवर जाता येईल, म्हणजे दुकानात बसायला नको आणि वहिनीलाही हाक मारायला नको.

घरात माझं-तुझं करू नये. मी केलं असतं तर आज घरावर पत्रा नसता.

उमेर


राजिवडा
२१ एप्रिल

उमेरभाई,

रोजे होते, ईद होती, म्हणून लिहिलं नाही असं तू समजला असशील. मी कामात होते. तुझं उरलेलं घेऊन.

तळ झाला होता. चांगला झाला होता. पुढचा भाग जरा उचलला आणि मागं एक कड ठेवली, आणि पाणी तिथून असं सुटत होतं की मी एकटीच स्क्रीनसमोर हसत बसले. शेवटचा हिशेब लावला, भरल्या बोटीचा. तो आठवडाभर चालत होता. शुक्रवारी लॅपटॉपवरून बघायला गेले तर काहीच नाही. हिशेब नाही, आधीचे निकाल नाहीत, फोल्डरच नाही.

दुकानात गेले. गनीभाईनं शांतपणे सांगितलं की जेटीवर कुणाचं तरी इंजिन चोरीला गेलं, रेकॉर्डिंग जास्त दिवसांचं ठेवा असा आदेश आला आणि डिस्कमध्ये जागा नव्हती. "नुसते आकडेच होते गो त्यात. फोटोबिटो नव्हते." म्हणून पुसले. तळाची ड्रॉइंगं माझ्या लॅपटॉपवर वाचली. पाण्याचा सगळा हिशेब गेला. तुझा सर्व्हर मेमरीतला एक वाकडा आकडा पकडतो म्हणालास. माझे लाखो आकडे गेले ते त्यानं निमूट जाऊ दिले.

मी काशीरामशेठकडं गेले. खोटं सांगितलं की चाचणी वाढवलीय. त्यांनी जूनअखेरपर्यंत वेळ दिला, पण तोंड वाकडं करून. बोटींचे तळ काढणाऱ्या कोचीच्या एका माणसाचा नंबर त्यांच्या टेबलावर होता.

आता तुझ्याबद्दल. दुकानातून निघताना गुणाजी शिडीवर चढलेला दिसला, बोटींवर नावं रंगवणारा आपला गुणाजी. नवी पाटी रंगवत होता. गनी आणि उमेर, कॅमेरे व कॉम्प्युटर सेवा. मी विचारलं, हे कधी ठरलं? तो म्हणाला, मला दिवाळीतच सांगून ठेवलेलं, पण सवड आज झाली.

दिवाळीत. मी तुला डेस्कटॉप की सर्व्हर विचारलं ते दिवाळीनंतर. म्हणजे मी विचारलं तेव्हा तुझं ठरलेलं होतं. तुला दुकानासाठी सर्व्हर हवाच होता आणि वर माझे पैसे चालून आले. बोटीत माणसं बसणार आहेत असं मला लिहिलंस तू. उंटावरून शेळ्या हाकतोस एवढंच मला वाटत होतं. शेळी कापायची ठरली होती हे आता कळलं.

नोकरी सुटलीय का तुझी? एवढं तरी खरं सांग.

महरीन


दोहा
२७ एप्रिल

महरीन,

सुटली. ऑक्टोबरमध्येच सांगितलं त्यांनी, मेअखेरपर्यंत ठेवतो म्हणाले. माझं काम आता एक दुसरा पोरगा करतो, त्याला मीच शिकवलं.

घरी कुणाला सांगितलं नाही, गनीभाई सोडून. अम्मीला अजून वाटतं मी सुट्टीवर येतोय. इतकी वर्षं पेटी पाठवणारा माणूस रिकाम्या हातानं ओटीवर कसा चढतो ते मला माहीत नाही. कुणी करून दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. मला दुकान हवं होतं आणि दुकानाला मशीन. तू विचारलंस तेव्हा मला वाटलं एकात दोघांचं होईल. डेस्कटॉप घेतला असता तर तो तुझ्या माडीवर गेला असता आणि मी आल्यावर काय, गनीभाईच्या टॉर्चा विकल्या असत्या?

तू म्हणतेस डेस्कटॉपवर एक माणूस बसतो. मला कधी कुणी विचारलं का, उमेर, तुला एकट्याला काय पाहिजे? मी गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मला गवंडीकाम शिकायचं होतं, हसू नकोस.

असो. जून-जुलै मासेमारी बंद असते, जेटीवर काळं कुत्रं नसतं. मी आलो की कॅमेरे रेकॉर्डिंगच्या जुन्या डब्यावर टाकतो आणि सगळं मशीन तुला मोकळं करतो. अल्लाची शपथ. तुझा तळ पुरा होईल.

उमेर


अलोरे
१९ जुलै

महरीन,

हे तोंडावर सांगायचं होतं, पण तीन दिवस तुझ्याकडं बघून बोलायला जमलं नाही आणि मग इथल्या वसाहतीत कॅमेरे बसवायचं काम आलं. इथं पाऊस एवढा आहे की काम बंद, म्हणून लिहितोय.

आधी चांगली बातमी. काशीरामशेठनी तळ घेतला! साचा सुरू झालाय. मी शब्द दिला होता तो पाळला की नाही? महिनाभर मशीन पूर्ण तुझं होतं आणि तू काय काम केलंस, मी दोह्यात असं काम पाहिलं नाही.

शेठ दुकानात बघायला आले तेव्हा मोठ्या पडद्यावर पाणी वाहताना दाखवलं. तू अर्धं समजावलंस आणि मग गनीभाईनं तुला चहाचं सांगायला घरी धाडलं. तेवढ्यात शेठ म्हणाले, "पोरीनं काम बेस केलान. पण उद्या लगीन होऊन गेली तर मी कुणाला विचारू? दुकान काय पळून जात नाय." पुढच्या बोटींचा करार ते दुकानाशी करतो म्हणाले. गनीभाई म्हणाला, मशीन आमचंच आहे, काम इथंच होणार. आणि मी सही केली.

मी विचार केला, तू आहेसच की घरात. करार कुणाच्या नावावर आहे याला काय अर्थ, तळ तर तूच काढणार. तुला वाटा मिळेल, मी बघतो. अम्मी किती खूश आहे ते तू बघतेसच. उमेर आला आणि घर मार्गाला लागलं असं सगळ्या राजिवड्यात सांगत फिरते. तिचा आनंद मोडू नकोस.

शेठ २८ तारखेला, सोमवारी, घरी येतायत, दुसरी बोट कशी हवी ते सांगायला. मोठी आहे, बर्फाच्या खणाची. तू सगळं नीट विचारून घे.

उमेर


राजिवडा
२४ जुलै

उमेरभाई,

तू काल परत आलास आणि आत्ता खाली जेवतोयस. मी माडीवर आहे, अम्मी तुला मासा वाढतेय ते इथवर ऐकू येतं. तरी लिहिते. या घरात बोललेलं सगळ्यांचं होतं.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटलं होतं. एप्रिलमध्ये तुझं पत्र वाचून मी रडले. गवंडीकामावर हसले नाही. म्हणून जूनमध्ये तू मशीन मोकळं केलंस तेव्हा पाटीचं सगळं गिळून मी कामाला बसले. मला वाटलं, ज्याला कुणी विचारलं नाही तो तरी दुसऱ्याला विचारील. तुला सही करायच्या आधी फक्त थांबायचं होतं. चहा घेऊन मी येतच होते. मी दारात आले तेव्हा तू पेनाचं टोपण लावत होतास आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, ये बाय, शेठना साखर कमी लागते.

मला वाटा नको. वाटा मिळणाऱ्याला कोण काय काढतंय ते ठरवता येत नाही. लगीन होऊन जाईन म्हणून काम मिळत नाही आणि घरात आहेच म्हणून नाव मिळत नाही. माझ्यासारखीनं नक्की कुठं असावं ते तुम्ही तिघांनी बसून एकदा ठरवा.

मिरजोळ्याला एक अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा आहे. त्याच्याकडं मी पहिल्या तारखेपासून जाते. खिडक्यांची ड्रॉइंगं करायची. चौकोनच काढायचे, त्यात पाणी कुठून वाहत नाही. अम्मीला मी सांगेन, तू सांगू नकोस, तू सांगितलंस की ते तुझ्या सल्ल्यानं झालं असं होईल.

पहिल्या तळाचं सगळं मशीनवर आहे, ते मी पुसलेलं नाही. मी गनीभाई नाही. पण तो तळ छोट्या बोटीचा आहे. मोठ्या बोटीला तो तसाच ताणून चालणार नाही, हे करारावर सही करणाऱ्याला माहीत असलेलं बरं. त्यात माणसं बसणार आहेत.

सोमवारी काशीरामशेठ येतील. चहा मी ठेवीन. बोट तू काढ.

महरीन